एका उडीचं व्याकरण

पुण्यात रिक्षावाल्याला ‘डेक्कन कॉलेज’ सांगितलं की तो हमखास डेक्कन जिमखान्याकडे वळतो. कॉलेज तिकडे नाही, नदीपलीकडे येरवड्याला आहे. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून ते सुरू झालं आणि पुढे येरवड्याच्या दगडी इमारतीत आलं. टिळक-आगरकर इथलेच विद्यार्थी. १९३९ पासून इथे फक्त पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालतं: पुरातत्त्व, संस्कृत कोश आणि भाषाविज्ञान. मी यातल्या तिसऱ्याची, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. गाव नांदेड जिल्ह्यात, बिलोली तालुक्यात. मांजरा ओलांडली की तेलंगण.

सकाळी साडेसहा

हॉस्टेलच्या बादल्या वाजायला लागण्याआधीचा तास रेकॉर्डिंगचा. हेडफोनमध्ये मामा आहे. गोठ्यापुढच्या ओट्यावर बसून तो सांगतोय, की मांजरेला पूर आला तेव्हा म्हैस कशी वाहून निघाली आणि त्याने तिला कसं काढलं. मागे कोंबडा आहे, कुणाची तरी मोटारसायकल आहे, मामीची भांडी आहेत. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेने बनवलेल्या ‘ईलान’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी हे बोलणं दोन-तीन सेकंदांचे तुकडे पाडून ऐकते, लिहिते, परत ऐकते. मिनिटभराच्या बोलण्याला तास सहज जातो. भाषाविज्ञान शिकतेय म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं कोण जाणे. रोजचं काम मात्र हे असं मुनीमगिरीचं.

आजचा तुकडा: ‘मी काय बी इचार केलो नाही, डायरेक उडी मारलो.’

पुस्तकातली मराठी म्हणेल, ‘विचार केला नाही, उडी मारली.’ मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. पोरगा असो की पोरगी, आंबा खाल्ला आणि पोळी खाल्ली. मामाच्या तोंडी मात्र क्रियापद मामाकडेच बघतं. विचार केलो, उडी मारलो, दोर धरलो. नदीपलीकडच्या तेलुगूत ‘मी’ने काहीही केलं तरी क्रियापदाच्या शेवटाला ‘मी’च चिकटतो, कर्म काय आहे याचा तिथे संबंध नाही. आमच्याकडे बाजारहाट, मजुरी, सोयरीक सगळं दोन्ही काठांवर चालतं. या ‘केलो’वर माझा लघुप्रबंध आहे.

शाळेत ‘मी अभ्यास केलो’ म्हटलं की हातावर पट्टी बसायची. आता त्याच वाक्याला क्रमांक देऊन मी ते तक्त्यात भरते. सूड म्हणावा इतकं काही नाही, पण बरं वाटतं.

मामाला बोलतं करणं सोपं नव्हतं. समोर रेकॉर्डर ठेवला की माणूस भाषण करायला लागतो. पहिल्या फेरीत मामा ‘आमच्या गावाची लोकसंख्या’ असं सुरू झाला, तेही आकाशवाणीच्या मराठीत. अमेरिकेतल्या विल्यम लबॉव यांनी साठच्या दशकात न्यू यॉर्कमध्ये यावर एक युक्ती वापरली होती. माणसाला विचारायचं, ‘कधी जीव जाता जाता वाचलात का?’ तो प्रसंग सांगताना माणूस आपण कसं बोलतोय ते विसरतो. मामाला तेच विचारलं. म्हैस आली, पूर आला, आणि आकाशवाणी बंद पडली.

साडेआठ

मेसमध्ये पोहे. खोलीतली जोडीदारीण पुरातत्त्वाची. तिच्या टेबलावर खापरांची चित्रं, माझ्या टेबलावर वाक्यांचे तुकडे. पुढचं आवरून होईपर्यंत सांगण्यासारखं काही घडत नाही.

साडेदहा

पहिल्या वर्षाच्या मुलांची ध्वनिविज्ञानाची प्रॅक्टिकल असते, त्यांना मदत करायला आम्ही दुसऱ्या वर्षाचे जातो. आज विषय ‘च’. चार माणसं यातला ‘चार’ आणि गुराला चार यातला ‘चार’ लिहिताना एकच, उच्चार निराळे. तसंच ‘हे जग’ आणि ‘तू जग’. पहिल्यात जिभेचा मधला भाग वर टाळूकडे जातो, दुसऱ्यात टोक दातांच्या मुळाशी. पोरं आधी ‘आम्ही दोन्ही सारखंच बोलतो’ असं ठामपणे सांगतात. मग ‘प्राट’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्याच आवाजाचं चित्र उमटतं, दोन ‘च’चा खरखराट दोन वेगळ्या पट्ट्यांत दिसतो आणि वर्गात शांतता पसरते. आयुष्यभर बिनचूक केलेली गोष्ट आपल्याला माहीतच नव्हती, हे वीस-बावीस वर्षांच्या माणसाला जरा लागतंच.

यापुढची पायरी म्हणजे प, फ, ब, भ. ओठ उघडण्याच्या किती मिलिसेकंद आधी किंवा नंतर स्वरतंतू थरथरायला लागतात ते मोजायचं. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ साली या मोजमापाचा जो निबंध लिहिला, त्यात जगातल्या अकरा भाषा होत्या आणि त्यातली एक मराठी होती. डच, स्पॅनिश, थाई, कोरियन यांच्या रांगेत. कारण उघड आहे. इंग्रजीला दोन खणांत भागतं, थाईला तीन लागतात, हिंदी-मराठीला चार. आणि ‘भ’ इतका चमत्कारिक, की कंप कधी सुरू होतो हे एकच माप त्याला पुरत नाही. आवाज घोगरा होतो, हवा सांडते. मी हे पोरांना सांगते तेव्हा त्यांतली एक-दोन जण ‘भाकरी, भाकरी’ असं पुटपुटत तोंडापुढे तळहात धरतात. दारातून जाणाऱ्याला काय वाटत असेल ते वाटो.

बारा

समाजभाषाविज्ञानाचा तास. आठवड्यातला मला सगळ्यांत आवडणारा, आणि आज कुपवाड आहे.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ सालचा निबंध जगभरच्या भाषाविज्ञान विभागांत शिकवतात. त्यातलं गाव म्हणजे कुपवाड, सांगली जिल्ह्यातलं, कन्नड सीमेजवळचं. घरात कुणी कन्नड बोलतो, कुणी उर्दू, कुणी मराठी, थोडे तेलुगू. शेकडो वर्षं शेजारी राहिलेल्या या भाषांबद्दल त्यांचा दावा असा, की गावात त्यांचं व्याकरण जवळजवळ एक झालंय. एका भाषेतल्या वाक्यातला एकेक शब्द काढून त्या जागी दुसऱ्या भाषेतला घालावा आणि वाक्य तयार. शब्द मात्र कुणी सोडले नाहीत. ज्याने त्याने आपल्या घरची ओळख शब्दांत राखली आणि व्याकरण सामाईक करून टाकलं.

मला यातला हिशेब फार आवडतो. आपण उलटं समजतो. परका शब्द आला की भाषा बाटली म्हणून ओरड होते, वर्तमानपत्रांत पत्रं येतात. वाक्याचा सांगाडा बदलतो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ते बोलणाऱ्याला ऐकूच येत नाही.

मिरजेचा एक वर्गमित्र लगेच म्हणाला, ‘आमच्याकडे आता असं काही राहिलं नाही, पोरं सगळी मराठी शाळेत.’ बाईंना तेच हवं होतं. डेक्कन कॉलेजच्याच सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी कुपवाडच्या भाषा पुन्हा तपासल्या आणि जुना दावा जसाच्या तसा उभा राहत नाही असं दाखवलं. मधल्या काळात शाळा आल्या, प्रमाण मराठीचं वजन वाढलं. एक गाव दोनदा ऐकलं गेलं, हे मला निष्कर्षापेक्षाही मोठं वाटतं. बाकीच्या गावांच्या वाट्याला बहुधा एकही फेरी येत नाही. ग्रिअरसन यांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ सालचा. त्यात बोलींचे नमुने म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट बोलीबोलीत उतरवून घेतलेली. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडी शेतकऱ्याच्या तोंडी आपल्याला त्याची स्वतःची म्हैस ऐकू येत नाही, कुणा परदेशातल्या बापाचं पुष्ट वासरू ऐकू येतं.

यानंतर पंधरा मिनिटं नातेसंबंधांवर. इरावती कर्वे याच संस्थेत शिकवायच्या. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं त्यांचं १९५३ सालचं पुस्तक अजूनही लागतं. मामाची मुलगी करायची चाल जिथे आहे तिथे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात, हे वर्गातल्या उत्तर भारतीय मुलीला पटवताना आम्हां चौघांची दमछाक झाली. तिच्याकडे मामाची मुलगी म्हणजे सख्खी बहीण. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

दीड

कँटीन. इथे बाहेरचा कुणी भेटला तर दोनच प्रश्न: ‘तुम्हाला किती भाषा येतात?’ आणि ‘पुढे काय?’ पहिल्याला मी ‘दीड’ सांगते. दुसऱ्याचं उत्तर हल्ली जरा लांबलंय. यंत्राला बोलणं समजावं म्हणून आवाजाला आणि वाक्यांना खुणा करून देणाऱ्या कंपन्या आमच्या सीनियरांना घेतात, पगार बरा देतात. कोशात, अनुवादात, शिकवण्यात जाणारेही आहेत. वडापाव गार व्हायच्या आत हे सगळं सांगून होतं.

अडीच

एक मैत्रीण संस्कृत कोशाकडे काम करते, तिला पुस्तक परत करायला तिकडे गेले. गेलं की लवकर निघवत नाही. हा कोश १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी हाती घेतला. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ लोकांनी ओळ न् ओळ वाचले आणि प्रत्येक शब्द, त्याचं वाक्य आणि ठिकाण अशी एकेक चिठ्ठी केली. चिठ्ठ्या झाल्या कोटीच्या घरात. नुसत्या वाचण्या-लिहिण्यातच पाव शतक गेलं. १९७६ पासून खंड निघू लागले. खंडांमागून खंड आले तरी वर्णमालेचं पहिलं अक्षर संपलेलं नाही.

लोक यावर हसतात. मीही पहिल्यांदा हसले होते. पण लोखंडी कपाटाचा एक खण ओढून बघा. शाई फिकी, अक्षर दर चिठ्ठीला वेगळं, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ दोन हजार वर्षांत कसा सरकत गेला ते चिठ्ठ्यांच्या क्रमातच दिसतं. इथे शब्दाची व्याख्या आधी ठरवत नाहीत. आधी सगळी वाक्यं मांडतात, मग ती काय म्हणताहेत ते बघतात. मामाच्या ‘मारलो’लाही हाच न्याय लावायचा आहे, माझ्याकडे फक्त कपाट नाही.

मैत्रीण एका चिठ्ठीवर अडली होती. मूळ ग्रंथ काढून ओळ ताडून बघायची होती. ‘आजचा दिवस हिचा,’ म्हणाली. मी निघाले.

चार

गाईड मॅडमकडे. माझ्या दिवसातली खरी घासाघीस इथे होते.

मी बावीस वाक्यांचा तक्ता पुढे ठेवला: केलो, मारलो, धरलो, बघितलो. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, ‘बायका काय म्हणतात?’

मी म्हणाले, ‘मी काम केले.’

‘आणि पुस्तकात काय आहे?’

पुस्तकातही ‘मी काम केले’. इथे खरी मेख आहे. पुस्तकातलं ‘केले’ कामाशी जुळलेलं, नपुंसकलिंगी एकवचन. आमच्या बाईचं ‘केले’ तिच्या स्वतःशी जुळलेलं, ‘मी गेले’ मधल्यासारखं. कागदावर दोन्ही एकच. बोलताना प्रमाणभाषेत ‘केलं’ होतं म्हणून फरक कळू शकतो, पण बाई शाळेत गेलेली असेल आणि रेकॉर्डर बघून पुस्तकी बोलत असेल तर तेही हातचं जातं. म्हणजे बायकांना नपुंसकलिंगी काम देऊन चालणार नाही. त्यांना स्त्रीलिंगी कर्म द्यायला हवं. भाकरी. ‘मी भाकरी केली’ की ‘मी भाकरी केले’? पहिलं भाकरीशी, दुसरं बाईशी.

माझ्याकडे मावशीची एक फाईल आहे. तिच्यात ती एकदा ‘भाकरी थापले’ म्हणते आणि दोन मिनिटांनी ‘भाकरी केली’. मॅडम म्हणाल्या, ‘मग दोन्ही लिहा. कुणाशी बोलताना कुठलं, ते बघा.’ नंतर तेलुगूवर आले. मी लिहिलं होतं की हा तेलुगूचा परिणाम. त्यांनी वाक्याखाली रेघ मारली. लातूरकडे असंच बोलतात, तिथे तेलुगू कुठे आहे? कन्नड असेल. पण शेजारी कुणीच नसतानाही भाषा हे करू शकते: ‘मी गेलो, मी आलो, मी बसलो’ असं रोज म्हणणारा माणूस एक दिवस ‘मी केलो’ही म्हणेल, एकच साचा सगळ्यांना लावेल. शेजाऱ्यावर आळ घ्यायचा तर पुरावा द्या. परिच्छेद गेला. आठवड्याचं काम होतं ते, पण त्यांचं म्हणणं खोडता येईना.

सव्वापाच

येरवड्याला मेट्रो धरायची आणि डेक्कनला उतरायचं. रिक्षावाल्याची चूक अशी रोज संध्याकाळी मी स्वखुशीने करते. तिथून चालत फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट, विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, संध्याकाळी सगळ्यांचे वर्ग भरतात. जपानीवाल्यांची गर्दी सगळ्यांत मोठी, आयटीतली मुलं कामावरून थेट येतात, डिसेंबरची परीक्षा डोक्यावर. त्यांचं वाक्य आपल्यासारखंच क्रियापदाशी संपतं, विभक्तीही शब्दामागून येते, त्यामुळे मराठी डोक्याला ते लवकर बसतं. लिपी मात्र घाम काढते.

मी फ्रेंचला आहे, एका माणसामुळे. ज्यूल ब्लॉक यांनी मराठी कशी घडली यावर पहिला धड शास्त्रीय ग्रंथ लिहिला तो फ्रेंचमध्ये, १९२० साली पॅरिसला निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ साली मराठीत आणला. इंग्रजीत यायला त्यानंतर आणखी तीसेक वर्षं गेली. एवढा अवघड ग्रंथ इंग्रजीची वाट न बघता थेट मराठीत आला, याचं मला अप्रूप आहे. आमच्या भागात याहून मोठा खटाटोप झाला होता. नांदेड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवायचं. त्यासाठी १९१७ साली अनुवादाचं वेगळं खातंच काढलं होतं: गणित, वैद्यक, इतिहास, सगळी पाठ्यपुस्तकं उर्दूत. माझे आजोबा भूमिती उर्दूतून शिकले. घरी मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू. त्यांना कुणी ‘किती भाषा येतात’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

ब्लॉक वाचण्याइतकी फ्रेंच अजून लांब आहे. सध्या आम्ही हॉटेलात पाणी मागतो आणि स्टेशनचा रस्ता विचारतो. आज मात्र बाईंनी भूतकाळाचा एक नियम सांगितला: ‘मी खाल्लेलं सफरचंद’ अशा रचनेत, कर्म क्रियापदाच्या आधी आलं, तर कृदंताला कर्माचं लिंग-वचन लागतं. वर्गात वैतागाचा सूर निघाला. बाईंनाही तो अपेक्षित होता, कारण म्हणे फ्रेंच पोरंसुद्धा यात चुकतात. मी मागच्या बाकावरून म्हणाले, ‘हे तर आमचंच आहे.’ मग आठवलं, की आमच्या घरचं नाही, पुस्तकातल्या मराठीचं.

साडेनऊ

सकाळचं वाक्य आता तीन ओळींत बसवायचं. लाइपझिगच्या संस्थेने घालून दिलेली पद्धत जगभर चालते: वरती बोललेलं, त्याखाली तुकड्यागणिक व्याकरण, तिसऱ्या ओळीत सरळ अनुवाद. ‘उडी’ खाली स्त्रीलिंग, ‘मारलो’ खाली उत्तमपुरुष, एकवचन, पुल्लिंग. तिसऱ्या ओळीत इंग्रजी. तिथे मामा एकदम सभ्य होतो. ‘डायरेक’ मधली सगळी मस्ती जाते, राहतो फक्त पाण्यात उडी मारलेला एक इसम.

मग मावशीला फोन. रोजचाच. तिला यात अभ्यास दिसू नये म्हणून मी आधी पाऊस, मग तिचे गुडघे, मग चुलतभावाचं लग्न असं करत करत स्वयंपाकावर आले.

‘मावशी, आज भाकरी केलीस का पोळी?’

‘भाकरीच केले की माय. पोळ्या कोण खातंय हितं?’

मी पेन उचललं. तिला फोनमधून पेन कसं दिसतं देव जाणे.

‘का गं, लिहून घ्यायलीस का?’

‘नाही गं.’

‘लिहून घ्यायलीस तू. थांब मग, नीट सांगते. मी आज ज्वारीच्या भाकरी केल्या.’ एकेक शब्द पाटीवर ठेवल्यासारखा. मी दोन्ही लिहिली. वक्ता एक, विषय एक, मध्ये जेमतेम दहा सेकंद. मॅडमना हेच हवं होतं.

मग म्हैस निघाली. मामाची गोष्ट मी किती दिवस ऐकतेय ते सांगितल्यावर मावशी हसायलाच लागली. ‘त्याचं काय ऐकायलीस? तो काठावर उभारून वरडायला होता नुसता. उडी तुझी मामी मारली.’

तिच्या लेखी ही गोष्ट म्हणजे भावाची फजिती. माझ्यापुढे आधी वाक्य आलं. उडी स्त्रीलिंगी, मामीही स्त्रीलिंगी, तेव्हा ‘मारली’ कुणाशी जुळलं ते यावरून ठरत नाही. पण मामीला ‘ने’ लागलेला नाही, हे नक्की. कर्त्याचा प्रत्यय तिसऱ्या पुरुषातही गळतो की काय, हा प्रश्न माझ्या तक्त्यात आजवर नव्हताच. ते तपासायला मामीच्या तोंडून दुसऱ्या एखाद्या बाईबद्दल पुल्लिंगी कर्माचं वाक्य हवं, आणि या गोष्टीत पुल्लिंगी म्हणावं असं एकच आहे, दोर.

मामी उद्या दुपारी शेतावरून आल्यावर फोन घेते. तिला दोराचं विचारायचं. लबॉवचा प्रश्नही तिलाच विचारायला हवा होता.